पाढे पाठ असले म्हणून डोकं बंद होत नाही

नमस्कार,

सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रियेबद्दल आभार. ‘चौथीपर्यंत निदान दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ हवेतच’ या माझ्या वाक्यावर तुमचा मुख्य आक्षेप आहे. खिशात मोबाइल असताना ही घोकंपट्टी कशाला, शाळेने मुलांना विचार करायला शिकवावं, आणि माझ्यासारख्यांना पुन्हा पावकी-निमकीचा, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांचा, जमाना आणायचाय, असं तुम्ही लिहिलंय.

पावकी-निमकीचं आधी सांगून टाकते. ती मला परत नकोय. सोळा आण्यांचा रुपया होता, शेर-मणाची मापं होती, तेव्हा तिचं रोज काम पडायचं. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटर आले, तिची गरज संपली. एकोणतीसचा पाढा पाठ नसला तरी माझी हरकत नाही. २९ गुणिले ७ करताना ३० गुणिले ७ म्हणजे २१०, त्यातून ७ काढले की झालं. पण ही युक्ती सुचायची तर ‘सात त्रिक एकवीस’ विनासायास यायला हवं. बोटं मोजणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष बोटांवरच खर्च होतं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, तो मीच देते. १९८०च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिकच्या मुलांना विचारलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिलं! तुम्ही म्हणाल, बघा, घोकंपट्टीचा परिणाम. मला तसं वाटत नाही. हाच प्रश्न घरी कुणी विचारला असता तर यातली बरीच मुलं हसली असती. वर्गात मात्र गणित घातलंय म्हणजे त्याला उत्तर असणारच, हे ती शिकली होती. त्यावर उपाय पाढे बंद करणं नाही. दहा गणितांत एखादं असं बिनउत्तराचं घालायचं, आणि ‘हे सुटत नाही’ म्हणणाऱ्याला पूर्ण गुण द्यायचे.

दुसरी बाजूही बघा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे १.४ किलो कांदे असले हिशोब तोंडी करतात, दोन्हींचे मिळून ३७ धरून २०० च्या नोटेवर १६३ परत देतात. त्याच मुलांना वहीतला साधा भागाकार अडतो. उलट, बाजाराशी संबंध नसलेल्या शाळकरी मुलांना वहीतलं जमतं, पण बाजारातलं गणित घातलं तर जेमतेम एक टक्का मुलांचं बरोबर येतं. म्हणजे पहिल्यांकडे हुशारीची कमी नव्हती, दुसऱ्यांकडे सरावाची नव्हती. दोन्हींची गाठ कुणी घालून दिली नाही, आणि माझ्या मते ते काम शाळेचंच होतं.

म्हणून ‘विचार करण्याचा वेगळा तास असावा’ ही तुमची सूचना मला पटत नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीचं काय झालंय ते आपण बघतोच. क्लासवाले संख्यामालिकांचे प्रकार पाडून देतात, मुलं प्रकार पाठ करतात. विचारही घोकता येतो, बरं का.

तुम्ही शेवटी विचारलंय की लेकीचे पाढे थांबवू का. नका थांबवू. पाठ झालेल्या पाढ्यांना लगेच काम मात्र द्या. दुकानात एका बिस्किटपुड्यावर ‘५० टक्के जादा’ लिहिलेलं असतं, शेजारच्यावर ‘५० टक्के सूट’. मूळ किंमत आणि वजन सारखं असेल तर कुठला घ्यायचा, ते तिला ठरवू द्या, आणि का ते तिच्याकडूनच ऐका. दोन्ही सारखेच, असं म्हणाली तर लगेच दुरुस्त करू नका. १०० ग्रॅमचा पुडा धरून तिलाच हिशोब मांडू द्या.