सँडविचमध्ये जॅम घातला म्हणून

शनिवारी मेघाने घरी सगळ्यांना ग्रिल्ड चीज, म्हणजे चीज भरून तव्यावर भाजलेली सँडविचं खाऊ घातली, तीही आत अंजिराचा जॅम घालून. बाकी काय झालं ते कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, परत सांगत बसत नाही. दिग्या काल आला तोच भांडायच्या तयारीने.

"ग्रिल्ड चीजमध्ये अंजिराचा जॅम! उद्या आम्लेटात आइस्क्रीम घालाल!"

"दोन खाल्लेस तू," मेघा म्हणाली.

"भूक लागली होती."

"भूक लागलेला माणूस 'काहीतरी दे' म्हणतो. तू 'जॅमवालंच दे' म्हणालास."

पक्या तिथेच फुटला. पण दिग्या मागे हटणाऱ्यातला नाही. आवाज एक पट्टी वर चढवून तो म्हणाला, "मूळ पद्धत म्हणून काही असते की नाही? ब्रेड, चीज, लोणी. संपलं. बाकी सगळी अलीकडची थेरं."

"तुझं मूळ नेहमी तुझ्या आवडीपाशीच कसं रे निघतं?"

इथे मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला, म्हणजे आता सनावळी येणार. "मुळाचंच काढलंस म्हणून सांगतो, दिगंबरा. अमेरिकेतल्या जेम्स क्राफ्ट या चीजवाल्याने प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं १९१६ मध्ये. यंत्राने कापलेला ब्रेड पहिल्यांदा विकला गेला १९२८ मध्ये, अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या चिलिकोथी गावात. तुझं हे ब्रेड-चीज-लोणी घराघरांत गेलं ते या दोन सोयींच्या जोरावर. शंभर वर्षांचा मामला आहे. आणि स्पेनमध्ये मांचेगो चीज क्विन्स या फळाच्या गोड वडीबरोबर खातात, इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये वेन्स्लिडेल चीज फ्रूटकेकबरोबर. त्यांना कुणी थेरं म्हणत नाही."

"मास्तर, तुम्ही शनिवारी किती खाल्लीत?"

"तो मुद्दा नाही," मास्तर म्हणाले आणि चष्मा चढवला.

मला स्वतःला मेघाचं पटतं, आणि ते तिची सँडविचं चांगली होतात एवढ्यावरच नाही. ती जॅम का घालते हे तिला नेमकं माहीत आहे. ती म्हणाली, "जॅम गोड म्हणून घालतच नाही मी. आंबट म्हणून घालते. चीजमधली चरबी जिभेवर बसून राहते. दोन घास झाले की तिसरा जड होतो. तिथे आंबट पाहिजे. अंजिराच्या जॅममध्ये मी वरून लिंबू पिळते. हिरवं सफरचंद घातलं तरी चालतं, पण पातळ, इतकं पातळ की आरपार दिसलं पाहिजे. जाड फोड घातलीस तर ती गरमच होत नाही, आणि पहिल्याच घासाला अख्खी घसरून बाहेर येते."

"मग लोणचं घाल ना! तेही आंबट आहे," दिग्या म्हणाला.

"घालतात की. पण जॅममध्ये साखर आहे, आणि चीजमध्ये मीठ. मीठ कडवटपणा दाबतं, त्यामुळे गोड आणखी उठतं. म्हणून चमचाभर जॅम पुरतो. तू घरी नुसता जॅम-ब्रेड खातोस तेव्हा किती लावतोस?"

"माझ्या जॅम-ब्रेडचा इथे संबंध काय?"

"अर्धी बाटली," पक्या म्हणाला. "मी पाहिलंय."

मग जॅम कुठे लावायचा यावर गाडी आली, आणि माझ्या मते कालच्या बोलण्यातला सगळ्यात कामाचा भाग तोच. ब्रेडला लावला तर ब्रेड तो शोषून घेतो आणि आतून ओला, गिजगोळा होतो. मेघा दोन्ही स्लाइसवर आधी चीज पसरते आणि जॅम मधोमध घालते, कडेपासून बोटभर आत. चीज वितळलं की दोन्ही बाजूंनी बंद होतं, जॅम बाहेर येत नाही. बाहेर आला तर तव्यावर साखर जळते आणि तो कडू वास पुढच्या प्रत्येक सँडविचला लागतो. मधाचं तर आणखी वाईट, त्यातलं फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, फार लवकर करपतं. म्हणून मध घालायचाच असेल तर सँडविच ताटात आल्यावर, वरून. एका स्लाइसला आतून पुसटशी मोहरीची पेस्ट, जॅमवर भरड मिरपूड. एवढं केलं की गोडाचं गोडमिट्ट होत नाही.

"आणि चीज कुठलं?" मी विचारलं.

"दोन. जुनं चेडर चवीला. पण ते एकटं वितळलं की तेल सोडतं आणि दाणेदार होतं. म्हणून बरोबर मोझरेला किंवा ग्रुयेर, ताणायला. आणि किसून. पाकिटातलं आयतं किसलेलं नको, त्याचे कण चिकटू नयेत म्हणून स्टार्च नाहीतर सेल्युलोज लावलेलं असतं, ते नीट एकजीव होत नाही. वडी आणायची आणि घरी किसायची. माझी किसणी असती तर." ती पक्याकडे वळली. "कुठाय माझी किसणी?"

"परत दिली."

"कुणाला?"

पक्या फोनमध्ये बघायला लागला. किसणीचं भांडण गेल्या पावसाळ्यातलं आहे, त्याच्या आधीचं पातेल्याचं. पक्याच्या घरी गेलेली वस्तू परत येत नाही, हे आम्ही सगळ्यांनी आपापल्या वस्तू देऊन शिकलोय.

दिग्याला वाटलं, विषय सुटला, आता मैदान आपलं. "एवढा घोळ हवाय कशाला? तवा सणसणीत तापवायचा, सँडविच टाकायचं, वरून दाबायचं, दोन मिनिटांत तयार!"

"तुझं आम्ही खाल्लंय," मेघा म्हणाली. "वरून काळं आणि आत चीज जसं किसलं तसंच. शर्टाला इस्त्री करावी तसा उलथन्याने दाबत होतास."

"त्या दिवशी गॅस जास्त होता."

"गॅस तुझ्याच हातात होता रे."

आता मास्तरांना राहवेना. ब्रेड हवेने भरलेला असतो, त्यातून उष्णता सावकाश आत जाते. चेडर ६५ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, ब्रेडचा पृष्ठभाग खमंग तांबूस व्हायला मात्र १४० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे बाहेर उष्णता भरपूर असते, आत पोचायला वेळ हवा असतो. म्हणून आच मंद आणि सुरुवातीची तीन-चार मिनिटं झाकण. मग झाकण काढून उलटायचं, नाहीतर वाफ धरून पापुद्रा मऊ पडतो. हे मास्तरांनी जवळजवळ एका श्वासात सांगितलं. मला तर वाटतं, घरचं ग्रिल्ड चीज बिघडतं ते निव्वळ घाईने, आणि त्याचं खापर फुटतं बिचाऱ्या जॅमवर.

"बाहेरून लोण्याऐवजी मेयोनेज लावा," मास्तर पुढे म्हणाले. "लोण्यात पंधरा-सोळा टक्के पाणी, शिवाय दुधाचे घन कण, ते जळतात. मेयोनेज म्हणजे तेल आणि अंडं. रंग एकसारखा येतो."

"रंग येतो, वास येत नाही," मेघा म्हणाली. "जळतात तेच कण मंद आचेवर खमंग होतात, मास्तर. त्यांच्यासाठीच तर लोणी लावायचं. आणि तव्यात नाही टाकायचं, मऊ करून ब्रेडला लावायचं, पार कडेपर्यंत."

मास्तर गप्प बसले. असं फार वेळा होत नाही.

दिग्या मात्र अजून किल्ला लढवत होता. "काही म्हणा, माझ्या घरात असलं काही होणार नाही. चीज म्हणजे खारट. शब्द आहे माझा."

"मग किसणी तुझ्याकडे कशी?" पक्याने फोनमधून मान वर न काढता विचारलं.

सगळे दिग्याकडे बघायला लागले.

"कुठली किसणी?"

"मेघाची. मी तुला दिली. काल सकाळी तुझ्या ओट्यावर होती, आणि शेजारी अंजिराची बाटली."

"गाजर किसलं होतं मी!"

"गाजराच्या तारा निघतात?"

मेघा हसून हसून पायरीवरच बसली. दिग्या "गाजर, गाजर" करत राहिला, पण ऐकतंय कोण. फक्त मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून मनापासून विचारत होते, "आच मंद ठेवली होतीस ना पण?"