जागलीवरचं वाचन

रानडुक्कर दिवसा कुठं असतं देव जाणे, रात्री मात्र ते आमच्याच हरभऱ्यात असतं. घाटे भरायला लागले, तूर वाळायला आली की गावातला जो तो जेवण उरकून गोधडी, टॉर्च आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन वावराकडं निघतो. जागल सुरू होते. त्यात आठवडा रातपाळीचा असला, म्हणजे थ्री फेज लाइन रात्रीच मिळणार असली, की गव्हाचं पाणीही तेव्हाच. लाइन येईस्तोवर स्टार्टरपाशी बसायचं, आली की स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, गेली की डीपीकडं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरकडं, तोंड करून जे काय बोलायचं ते बोलायचं. मधूनमधून डबा बडवून रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, आपण हजर असल्याचं कळवायचं.

एवढं करूनही रात्र शिल्लक राहते. या शिल्लक रात्रीचं काय करायचं, यावर कृषी विद्यापीठानं अजून शिफारस काढलेली नाही.

व्हॉट्सॲप दहाच्या आत आटोपतं. सगळे एकमेकांना गुलाबाचं फूल पाठवून झोपी जातात. व्हिडिओ पाहावा, तर मचाणीवर नेट येतं तेही उत्तरेकडं तोंड केलं तर. व्हिडिओतला माणूस बोलायला तोंड उघडतो आणि उघडंच ठेवतो. मजकूर मात्र येतो. अक्षरं हलकी, दोन काड्यांवरही उतरतात. म्हणून मी ब्लॉग वाचायला लागलो. याला कोणी वाचनाची आवड म्हणू नये. ही टॉवरनं लावलेली सवय आहे.

पण वाचण्याजोगा ब्लॉग सापडणं ही डुक्कर हाकलण्याहून अवघड गोष्ट. गूगलला विचारलं की आधी भेटतात ते ब्लॉगमधून घरबसल्या पैसे कमवायला शिकवणारे. 'नमस्कार मित्रांनो, आजच्या लेखात आपण पाहणार आहोत' असं म्हणून ते सुरू होतात, आणि पाहणं काही सुरू होत नाही. मधे चपलेची जाहिरात, मग कर्जाची जाहिरात, मग 'तर मित्रांनो'. शेतीचं विचारावं तर त्याहून बहार. घाटेअळीवर वाचायला गेलो, तर एकच परिच्छेद दहा ठिकाणी, शब्दाला शब्द. कोण्या पहिल्यानं हेक्टरी पाच कामगंध (मादीच्या वासानं पतंग ओढणाऱ्या) सापळ्यांऐवजी 'कामगार सापळे' लिहून ठेवलेलं, तर झाडून साऱ्या ठिकाणी कामगारच अडकलेले. मजूर का मिळत नाहीत, ते त्या रात्री कळलं.

चांगला ब्लॉग असा शोधून हाती लागत नाही. तो दुसऱ्या चांगल्या ब्लॉगच्या कडेला असतो. ब्लॉगर ही सोय 1999 साली निघाली, वर्डप्रेस 2003 साली, आणि त्या काळच्या लिहिणाऱ्यांत एक मोठी दिलदार रीत होती. उजव्या हाताला 'मी वाचतो ते ब्लॉग' अशी यादी लावायची. म्हणजे आपल्याकडं आलेला वाचक आपणच दुसरीकडं धाडायचा! आजचं कोणतं ॲप असं करील? ते तर तुम्हाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. मोबाइलवर मात्र ही यादी दडलेली असते. पानाच्या पार तळाशी बारीक अक्षरात 'वेब आवृत्ती' असं काहीसं दिसतं, ते दाबायचं. (जानेवारीत पहाटे तीनला गारठलेल्या अंगठ्यानं दाबून पाहा.) मग अख्खं पान मुंगीएवढं होऊन समोर येतं नि उजव्या कडेला घबाड. त्यातला पहिला उघडायचा, त्याच्या यादीतला तिसरा, त्याच्याही यादीतला शेवटचा. पूर्वी ब्लॉगरच्या माथ्यावर 'पुढचा ब्लॉग' असं बटणच असे. दाबलं की जगात कुठंही नेऊन टाकायचं, ब्राझीलमधल्या एखाद्या बाईच्या विणकामात नाहीतर इंडोनेशियातल्या कुणाच्या लग्नात. त्यापेक्षा यादी बरी, निदान मराठीत ठेवते.

कधी कधी मराठीतही ठेवत नाही. एक पान उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखीच दिसणारी अक्षरं, रुळायच्या आधी लोक कृतिदेव, शुषा अशा फाँटांत लिहीत. तो फाँट आपल्याकडं नसला की अशीच खिचडी दिसते. मला तर वाटलं, काहीतरी गुप्त आहे. तालुक्याला टायपिंग शिकलेल्या भाच्याला दाखवलं. त्यानं जरा वेळ निरखून निकाल दिला, "मामा, पालकाची भाजी आहे."

यादीतले निम्मे ब्लॉग बंद पडलेले. हे कडेच्या जंत्रीवरून लगेच उमगतं, साल आणि कंसात त्या सालच्या नोंदी. 2008 (94), 2009 (61), 2010 (23), 2011 (4), 2013 (1). शेतकऱ्याला अशी पैसेवारी (पिकाचा सरकारी अंदाज) समजावून सांगावी लागत नाही. पन्नासच्या आत गेली की दुष्काळ. आणि त्या शेवटच्या एकट्या नोंदीचं शीर्षक, मी पैज लावतो, 'खूप दिवसांनी' असतं. 'कामाच्या धबडग्यात लिहिणं झालं नाही. आता मात्र नियमित लिहायचं ठरवलं आहे.' बस्स. त्यानंतर गडी जो गायब, तो गायब. बरेच जण गूगल रीडर गेलं तेव्हा गेले. आवडीच्या ब्लॉगांवर नवं काही आलं की ते एका जागी आणून देणारी ती सोय, 1 जुलै 2013 ला गूगलनं बंद केली. तोवर लिहिणारेही फेसबुकावर सरकले होते, तिथं अंगठे मिळत होते. ब्लॉगवर आवडलं तर लिहून कळवावं लागतं, आणि ज्याला लिहून कळवायचा कंटाळा नाही तो स्वतःचाच ब्लॉग काढतो.

तरी या ओसाड वस्तीत माझे हिवाळे मजेत चाललेत. एकेकाळी ऑनसाइटला गेलेला प्रत्येक मराठी इंजिनिअर बर्फ आणि पोळ्या या दोन विषयांवर लिहीत असे. बर्फ पहिल्या लेखात सुंदर असतो, चौथ्या लेखात उपसावा लागतो. पोळी शेवटपर्यंत गोल होत नाही. मग पुण्या-मुंबईकडचे भटके. पाऊस लागला रे लागला की निघाले राजमाचीला, हरिश्चंद्रगडाला. गुडघाभर चिखलातून चालायचं, घसरायचं, जळवा लावून घ्यायच्या आणि वर पायथ्याच्या गावच्या पिठलं-भाकरीवर दीड पान लिहायचं. आम्ही हेच सारं जुलैत डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या, वेळी करतो, पण कोणी फोटो काढत नाही. आमच्याकडं विदर्भात गाविलगड आहे, नरनाळा आहे. तिकडं या मंडळींचं पाऊल क्वचितच वळतं. भाकरीचा दोष म्हणावा, तर ती इकडंही मिळते.

सुरुवातीला या लोकांबद्दल एक जवळीक वाटायची, कारण लेखाखाली वेळ पाहावी तर रात्रीचे अडीच, पावणेतीन. वाटे, हेही जागलीवरच! खरं तर ब्लॉगरचं घड्याळ मुळात कॅलिफोर्नियाचं, नि ते कोणी बदललेलं नसायचं. दुपारचं जेवण करून ऑफिसात आरामात लिहिलेलं, आणि खाली वेळ आमची.

प्रतिक्रियांचा एक निराळाच संसार असे. 'जालावर भटकताना तुमचा ब्लॉग सापडला. छान लिहिता. वेळ मिळाल्यास माझ्याही ब्लॉगला भेट द्या.' ज्याला भेट द्यावी, तोही हेच दुसऱ्याच्या दारात लिहून आलेला. कोणी 'आवडती दहा गाणी' लिहायचा आणि शेवटी चौघांना खो द्यायचा. मग ते चौघं सोळांना. या मिषानं निदान लिहिणं तरी होई. आणि प्रत्येक ठिकाणी एक 'अनामिक' असायचाच. लेख आईच्या आजारपणावर असला तरी तो येऊन सांगणार, 'आजारपण'मधला ज पहा. कौतुक करावंसं वाटलं तर आधी आपण यंत्र नाही हे सिद्ध करावं लागतं. नऊ चौकोन येतात आणि वाहतुकीचे सिग्नल ओळखा म्हणतात. आमच्या रस्त्याला खांब आहे, पण त्यावर फक्त घोरपड चढते.

कविता पुष्कळ. त्यातल्या बहुतेकींत पाऊस, ती, खिडकी आणि कॉफी. एका रात्री अशीच एक मोठ्यानं वाचत होतो, तर शेजारच्या वावरातले काकाजी धुरा, म्हणजे बांध, ओलांडून आले. त्यांच्याकडं डुकरं पळवायचा भोंगा आहे. मेमरी कार्डात आपला आवाज भरून ठेवायचा, तो रात्रभर वाजत राहतो. काकाजींनी "हाऽऽऽ हुर्रर्र" भरलं होतं, त्याची डुकरांना सवय झालेली. काकाजी कविता ऐकून म्हणाले, "हे भर त्याच्यात." भरली. त्या रात्री हरभऱ्यात एक डुक्कर फिरकलं नाही. कवीला कळवावं की काय, याचा मी बराच विचार केला.

तेव्हापासून काकाजी रोज येऊन बसायला लागले. सुरुवातीला चौकशी झाली.

"कोनाचं वाचून राह्यला रे बापू?"

"एका माणसाचं, काकाजी. मनात येईल ते लिहितो."

"पैसे भेटते त्याले?"

"नाही."

"पेपरात छापून येते?"

"नाही."

"मंग घरचे काही म्हनत नाही काय त्याले?"

याचं उत्तर पुढं एका ब्लॉगात मिळालं. यादीच्या यादीतल्या यादीतून तो हाती आला. नदीपलीकडं आर्वीच्या बाजूचे एक निवृत्त मास्तर, आणि त्यांच्या तीन-तीन ओळींच्या नोंदी. '12 जुलै. सकाळपर्यंत 31 मिमी. डवरणी थांबली. गुडघा उजवा जास्त.' '13 जुलै. 4 मिमी. सौ. म्हणते, मोजल्यानं पाऊस वाढत नाही.' असं सालोसाल. ना फोटो, ना यादी, ना खो. ऑगस्टातली एक नोंद तर मी काकाजींना पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. 'आमच्या भांड्यात 71. मंडळाच्या यंत्रात 63. अतिवृष्टीला 65 वर लागतात. एवढ्यासाठी सोयाबीन कोरडं गेलं असं कागदावर राहील.'

काकाजी उठून बसले. महसूल मंडळात एकाच जागी पाऊस मोजतात, नि दिवसात 65 मिलिमीटरच्या वर गेला तर ती अतिवृष्टी, हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्यालाही पाठ असतं. "मानूस आपला हाय," काकाजी म्हणाले. "वाच पुढं."

मग वाचनाला शिस्तच आली. लाइन असली तर पाइप बदलून, नसली तर लगेच. पावसापेक्षा काकाजींना गुडघ्यात जास्त रस. त्यांचाही डावा दुखतो. "एरंडाचं पान बांधाले सांग ना त्याले," असं ते मधेच म्हणत. हे सगळं बऱ्याच वर्षांमागचं आहे, हे त्यांना पटवणं कठीण. कधी मास्तर महिनाभर लिहीतच नसत, तेव्हा काकाजी माझ्यावर उखडत, मीच पानं गाळतो म्हणून. अखेर आम्ही शेवटच्या नोंदीपाशी पोचलो. 'दोन्ही गुडघे बदलायचे ठरले. उद्या भरती. परतल्यावर नियमित लिहीन.'

नियमित! माझ्या पोटात गोळाच आला. यापुढं काही नव्हतं.

"मंग?" काकाजी म्हणाले. "झालं का आपरेशन?"

"इथंच संपलं, काकाजी."

"असं कसं संपलं? जगला का मेला?"

मी खाली प्रतिक्रिया लिहिली. आम्ही अमुक गावचे दोघे शेतकरी, आपले गुडघे कसे आहेत. सिग्नल ओळखले. तर उत्तर आलं, प्रतिक्रिया मंजुरीनंतर दिसेल.

"मंजुरी कोन देते?"

"तेच देतात. मास्तर."

"अन् तो मेला असंन तं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, ब्लॉगर काढणाऱ्यांकडंही नसावं. काकाजींनी बिडी पेटवली, दोन झुरके मारले आणि विचारलं, "गाव कोनतं म्हनलं त्याचं?" मी सांगितलं. "मंग लेका आतापावतर काऊन बोलला नाही? तिथं माह्या साळ्याची पोरगी देली हाय."

उजाडताच काकाजींनी स्पीकर लावून फोन केला. आधी तिकडच्या कापसाच्या भावाची चौकशी झाली, मग कोण कोणाच्या लग्नाला आलं नाही ते झालं, मग मास्तर. पोरीचं उत्तर तयारच होतं. बुढा ठणठणीत आहे, पारावर चालत जातो. दवाखान्यातून आला तेव्हा पोरानं नवा मोबाइल घेऊन दिला आणि पासवर्ड कोणाच्याच ध्यानात राहिला नाही. पाऊस अजून रोज मोजतो; आता घराच्या भिंतीवर कोळशानं लिहितो, सून लय वैतागली आहे.

काकाजींनी फोन ठेवला तो माझ्याकडं बघून हसतच. "इतवारी येऊन राह्यला तो. मीच बलावलं. म्हनलं, आमचा बापू जानकार हाय, पासवर्ड काढून देते."

पासवर्डचा ओटीपी जुन्या नंबरवर जाणार, तो नंबर कधीचाच बंद असणार, हे मी त्यांना समजावायला लागलो, तेवढ्यात लाइन आली. आम्ही दोघंही पाइपांकडं धावलो. मधल्या सरीतून काकाजी ओरडले, "अन् येतानी त्याले ते भांडं आनाले सांगतलं! आपल्या मंडळाचा काही भरोसा नाही!"