रंग घासून जात नाही

घरातल्या वडीलधाऱ्या बायका, शेजारच्या काकू, पार्लरमधल्या ताई आणि आता मोबाइलवरचे व्हिडिओ यांच्याकडून मुलींना सौंदर्याविषयी जे सल्ले मिळतात, त्यांतले बरेचसे शेवटी त्वचेच्या रंगावर येऊन थांबतात. चहा पिऊ नकोस, काळी होशील. बेसनात लिंबू पिळून लाव, उजळशील. कोपर, गुडघे आणि मान नीट घासून आंघोळ कर. लग्न ठरले आहे, तर आता उन्हात जाऊ नकोस. मी हे सल्ले जाणूनबुजून मानत नाही आणि माझ्या घरातल्या मुलींनीही ते मानू नयेत असे मला मनापासून वाटते. सल्ला देणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. सावळ्या मुलीला आपल्या समाजात काय काय ऐकून घ्यावे लागते हे त्यांतल्या अनेकींनी स्वतः सोसलेले असते आणि पोरीला त्यातून वाचवावे एवढाच त्यांचा हेतू असतो. परंतु त्या जे उपाय सांगतात त्यांनी त्वचेला इजा होते आणि कधी कधी तर एखादा आजार मळ समजून वर्षानुवर्षे घासला जातो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या पेशी किती व कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात आणि ते त्वचेत कसे पसरते यावरून वर्ण वेगवेगळा दिसतो, आणि हे मुख्यतः आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर अवलंबून असते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका विशिष्ट जनुकातील एका लहानशा बदलाचा दक्षिण आशियातील लोकांच्या वर्णातील फरकाशी ठळक संबंध दिसून आला. रोजच्या चहाला किंवा गरोदरपणी घेतलेल्या केशराच्या दुधाला या सगळ्यात काही स्थान नाही. केशराचे दूध आवडत असेल तर जरूर प्यावे. बाळाच्या रंगाची आशा मात्र त्यात घोळू नये.

लिंबाचा सल्ला त्याहून त्रासदायक आहे. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ इतका तीव्र आम्लधर्मी असतो. तो रस चेहऱ्यावर चोळला की जी चुणचुण होते तिला ‘लिंबू काम करतेय’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात त्वचेचा वरचा संरक्षक थर दुखावला जात असतो. शिवाय लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती अंगावर असताना ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होऊन फोड येऊ शकतात आणि नंतर पडलेला काळपट डाग कित्येक आठवडे, काही वेळा महिनोन्‌महिने टिकतो. खाण्याच्या सोड्याची तऱ्हा उलटी. तो अल्कधर्मी असल्यामुळे त्वचेचे आम्लधर्मी आवरणच बिघडवतो.

आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या त्वचेबाबत एक गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी. या त्वचेला कोणत्याही कारणाने दाह झाला, मग तो मुरुमामुळे असो, भाजल्यामुळे असो, किंवा सततच्या घासण्यामुळे असो, की बरे होताना तिथे मेलॅनिन अधिक साठते आणि डाग उरतो. त्यामुळे उजळपणासाठी जितके चोळावे तितकी ती जागा काळी पडत जाते. नायलॉनच्या घासणीने, वज्रीने किंवा खरखरीत पंचाने रोज पाठ, दंड आणि गळ्याजवळची हाडे घासणाऱ्या माणसांच्या नेमक्या त्याच जागी जाळीदार काळपटपणा येतो, हे आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या नेहमीच्या पाहण्यातले आहे. त्यावरचा पहिला इलाज म्हणजे घासणी बाजूला ठेवणे. वज्री टाचांसाठी ठीक आहे, तिने मानेवर चढू नये.

मानेविषयी मला सर्वांत जास्त कळकळीने लिहायचे आहे. वयात येणाऱ्या कितीतरी मुलींच्या मानेवर, काखेत आणि जांघेत काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसू लागतो. घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: मळ साचलाय, नीट घासून आंघोळ करत नाहीस. मुलगी घासते, त्वचा सोलवटते, पट्टा तसाच राहतो आणि मग ती शाळेच्या स्नेहसंमेलनात केस मोकळे सोडून मान झाकते किंवा मोठ्या गळ्याचा ब्लाउज शिवायला नकार देते. या बदलाला वैद्यकशास्त्रात अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात आणि बहुतेक वेळा त्यामागे शरीर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनला पुरेशी दाद देत नसल्याचे कारण असते. रक्तात इन्शुलिनचे प्रमाण वाढते, ते त्वचेतील पेशींना भराभर वाढायला लावते आणि ती जागा जाड व काळी होते. मळाचा यात काही संबंध नाही. हीच मुलगी पुढे पाळी अनियमित झाली म्हणून किंवा वजन वाढले म्हणून डॉक्टरांकडे जाते, तेव्हा पीसीओडी हा अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा विकार किंवा मधुमेहाच्या आधीची अवस्था असल्याचे कळते, आणि मानेने ते काही वर्षे आधीच सांगून ठेवलेले असते.

मधुमेह आपल्या घराघरांत आहे. अशा वेळी मानेवरचा हा पट्टा म्हणजे शरीराने फुकटात दिलेली पूर्वसूचना आहे, आणि आपण ती स्क्रबने खरवडून काढायला निघतो. मुलीच्या किंवा मुलाच्या मानेवर असा बदल दिसला तर पार्लरऐवजी फॅमिली डॉक्टरांकडे जावे, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्यावे, घरात कोणाला मधुमेह आहे ते सांगावे. आहार, व्यायाम आणि गरज असल्यास औषधे यांनी आतली स्थिती सुधारली की पट्टाही हळूहळू फिका पडतो. एक गोष्ट मी आवर्जून सांगेन, की यात मुलीला लाजवण्यासारखे काही नाही. चारचौघांत तिच्या मानेवर बोट ठेवून ‘अगं, हे काय’ म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना घरच्यांनी तिथल्या तिथे थांबवले पाहिजे, कारण पाहुण्यांसमोर त्या मुलीला स्वतःहून ते करता येत नाही.

घरगुती उपायांनी जमले नाही की पुढची पायरी येते ती क्रीमची. १९७५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये गेला, त्याच वर्षी एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने वर्णावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली, आणि दोन्ही गोष्टींचे मला समाधान वाटले. परंतु मला खरी भीती वाटते ती मेडिकलच्या दुकानात नुसते नाव सांगून मिळणाऱ्या मलमांची. त्यांतल्या अनेकांत बीटामेथासोन, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइड असतात. ती एक्झिमासारख्या आजारांवरची उत्तम औषधे आहेत, पण ठरावीक जागी, ठरावीक दिवस आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. चेहऱ्याला लावली की पहिल्या काही दिवसांत त्वचा गुळगुळीत आणि उजळ दिसते, मैत्रिणी विचारू लागतात आणि त्यांनाही तेच नाव सांगितले जाते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते, आणि मलम थांबवताच चेहरा लालबुंद होऊन इतकी आग होते की बाई घाबरून पुन्हा तेच मलम लावते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली, तरी ‘मैत्रिणीला फरक पडला’ ही चिठ्ठी आपल्याकडे अजून चालते. ज्यांचा चेहरा असा झाला आहे त्यांनी मलम एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

दुसरा धोका आहे तो घटकांची यादीही नसलेल्या, डबीत भरून विकल्या जाणाऱ्या क्रीमचा. त्यांत पारा असू शकतो, कारण पारा मेलॅनिन तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतो आणि रंग खरोखरच फिका करतो. तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तिघींची मूत्रपिंडे अशा क्रीममुळे बिघडल्याची आणि त्या क्रीममध्ये पारा आढळल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली होती. एकीला फरक दिसला की तीच डबी घरभर फिरते, हे आपल्या सर्वांच्या घरांत होते.

उन्हाचा सल्ला मात्र मी टाकून देत नाही. त्यामागचे कारण तेवढे बदलते. ‘काळी पडशील’ म्हणून मुलीला मैदानावरून घरात बोलावणे मला मान्य नाही. तिला खेळू द्यावे, पोहू द्यावे. पण गालांवर आणि कपाळावर वांग आलेल्या बाईसाठी ऊन हा खरोखर रोगाला खतपाणी घालणारा घटक आहे, आणि दृश्य प्रकाशानेही वांग वाढत असल्यामुळे तिला आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगाची छटा असणारे सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर पट्टी ओढता येईल एवढे ते घ्यावे आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. दुचाकीवर बांधला जाणारा स्कार्फही कामाचा आहे, आणि तो बांधणाऱ्या मुलींची जी चेष्टा होते ती मला कधीच आवडली नाही.

दिवाळीच्या पहाटेचे उटणे मला फार प्रिय आहे. त्याचा वास, आईचा हात, कोमट पाणी यांसाठी ते लावावे, हलक्या हाताने लावावे आणि त्याच्याकडून वर्ण बदलण्याची अपेक्षा ठेवू नये.

ज्या घरात लवकरच बाळ येणार आहे त्यांना माझी एक विनंती आहे. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींशी आधीच बोलून ठेवावे. बाळाला तेलाने हळुवार चोळणे चांगले आहे. डाळीचे पीठ, साय आणि हळद यांचा गोळा अंगावर फिरवून लव काढणे आणि रंग उजळणे नको. नवजात बाळाची त्वचा अतिशय नाजूक असते, त्या घासण्याने पुरळ उठते, आणि अंगावरची ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. बाळाचा रंगही पहिल्या काही महिन्यांत हळूहळू स्थिरावतो. त्या काळात पाळण्यापाशी येऊन कानाच्या पाळीचा रंग पाहत ‘सावळी निघणार’ असे कोणी म्हणाले, तर बाळाच्या आईने त्यावर काही करायची गरज नाही, आणि घरातल्या बाकीच्यांनी तिला तसे मोठ्याने, त्या पाहुण्यांच्या देखत सांगावे.