लाडके आणि दोडके

गच्चीवर बाग करणाऱ्या माणसाने हंगामाच्या शेवटी जमाखर्च मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या घरात तो दरवर्षी मांडला जातो आणि मी सोडून बाकी सगळे तो मांडतात. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर दिवाळीनंतरच्या एखाद्या संध्याकाळी आई, सौ. आणि कन्या कुंड्यांच्या रांगेपुढे उभ्या राहतात आणि प्रत्येक कुंडीपाशी थांबून निकाल देतात. २०२५ सालचा निकाल एका वाक्यात सांगायचा, तर घरात ज्याला मागणी होती ते सगळे मेले आणि ज्याचे नाव काढले की ताट सरकवले जाते ते सगळे जोमाने वाढले. मेलेल्या झाडाचे दुःख दोन दिवसांत ओसरते. फळलेले झाड मात्र महिनोन्‌महिने खावे लागते, हे कोणत्याही बियांच्या पाकिटावर छापलेले नसते.

सुरुवात पावसाने केली. मृगाचा मुहूर्त धरून बी टाकायची आमच्याकडची जुनी रीत आहे आणि मृग नक्षत्र दरवर्षी जूनच्या सात-आठ तारखेला लागते. या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत येऊन बसला, त्यामुळे मृग लागेपर्यंत आमच्या कुंड्यांतली माती भिजून, फुगून, काठावरून वाहू लागली होती. पुढे पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस हे दोघेही आपापल्या वयाला न शोभेल अशा उत्साहाने पडले. पावसाळ्यात सगळे कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याकडे कान लावून असते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आमच्याकडे लहान मुलांनाही पाढ्यांच्या आधी पाठ होते. आई खालच्या मजल्यावरून “पाणी कितीवर आलं रे?” असे विचारी आणि मी वरून “टोमॅटोच्या देठापर्यंत” असे उत्तर देई.

टोमॅटोबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रोपे गुडघ्याएवढी झाली, फुले लागली आणि त्याच आठवड्यात खालच्या पानांवर करप्याचे तपकिरी डाग दिसू लागले. उरलेल्या रोपांवर जी काही फळे धरली, त्यांतली निम्मी पावसाच्या उघडझापीने तडकली आणि निम्मी बुलबुलांनी, पिकण्याच्या नेमक्या आदल्या दिवशी, तपासून पाहिली. कोथिंबिरीने एवढाही वेळ घेतला नाही. धणे रगडून, दोन दळे वेगळी करून, रात्रभर भिजवून पेरले होते, ते उगवलेही, मग एका दुपारी अशी सर आली, की ती हिरवी रांग कुंडीतून निघून गच्चीच्या पन्हाळीत गेली. त्या आठवड्यात कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीची पेंढी काय भावाने होती, हे सौ.ने मला न विचारता सांगितले.

मिरची हा मात्र अब्रूचा प्रश्न होता. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून बरण्या भरणाऱ्या या शहरात ज्याच्या गच्चीवर मिरचीचे एक झाड जगत नाही, त्याने चारचौघांत बागेचा विषय काढू नये. आमची रोपे सुरुवातीला उत्तम होती. नंतर त्यांच्या शेंड्याची पाने आखडली, वळली, चुरगळली आणि झाड जागच्या जागी म्हातारे झाले. शेतकरी या प्रकाराला बोकड्या म्हणतात. समोरच्या घरात राहणारे निवृत्त हेडमास्तर निदानाला धावून आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सांगितले, “पान वरच्या बाजूला वळलं असेल तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळलं असेल तर कोळी. बघा आता तुमचं तुम्ही.” मी पाहिले. एकाच फांदीवरची दोन पाने वर आणि तीन पाने खाली वळलेली होती. मास्तरांनी तीही पाहिली, चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि “ह्याला दोन्ही हाय,” असे सांगून ते चहाला बसले. निंबोळी अर्क झाला, आंबट ताकाची फवारणी झाली, आणि गच्चीला मठ्ठ्याचा वास येऊ लागला तरी पाने सरळ झाली नाहीत. हंगामभरात जेवढ्या मिरच्या आल्या, तेवढ्या एका पोह्यांच्या फोडणीत संपल्या. त्याही, आईच्या मते, तिखट नव्हत्या. कोल्हापुरात यापुढची शिक्षा नाही.

आता गोगलगाईंकडे वळतो, कारण या हंगामातील सर्वांत शिस्तबद्ध अनर्थ त्यांच्यापासून सुरू झाला. विकत आणलेल्या मातीतून शंखी गोगलगाईंची अंडी आली असावीत. जुलैत त्या प्रकट झाल्या आणि रात्रीतून वांग्याची कोवळी रोपे शेंड्यापासून मुळापर्यंत वाचून काढू लागल्या. यावर शेतीखात्यातली माणसे जो उपाय सांगतात तो ऐकायला गोड आहे: गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवावे, संध्याकाळी झाडांमध्ये पसरावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. उपाय खरा आहे, गोगलगाई जमतातही. अडचण एवढीच होती, की आमच्या घरात गूळ होता तो कोल्हापुरी, ज्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि असला गूळ एकट्या गोगलगाईंना आवडतो असे नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर मुंग्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी ती रांग गोणपाट सोडून जास्वंदीवर चढली. मुंग्यांचा आणि पिठ्या ढेकणाचा करार जुना आहे. ढेकूण झाडाचा रस पिऊन गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि त्या बदल्यात ढेकणाचे त्याच्या शत्रूंपासून रक्षण करतात. पाहता पाहता आमच्या लाल जास्वंदीचे शेंडे पांढऱ्या कापसाने लिंपल्यासारखे झाले. साबणाचे पाणी फवारून आणि जुन्या टूथब्रशने फांद्या घासून आम्ही झाड वाचवले, परंतु कळ्या सगळ्या गळाल्या. २७ ऑगस्टला गणपती आले तेव्हा आमच्या जास्वंदीवर एकही फूल नव्हते आणि आईने पूजेच्या ताटात विकतची जास्वंद ठेवून माझ्याकडे काही न बोलता पाहिले. वांगी तेवढी जगली. पण आमच्या घरी वांगे चालते ते भरलेले, आणि आलेली वांगी मसाला भरण्याइतकी मोठी कधी झालीच नाहीत.

तेरडा मात्र कोणी न पेरता मोरीच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत उगवला, आणि गौरी आणायच्या दिवशी गल्लीतल्या बायका तो हक्काने उपटून घेऊन गेल्या. झेंडूने तर सरळ मागच्या वर्षीचे पंचांग धरले. दसरा २०२४ साली १२ ऑक्टोबरला होता, २०२५ साली २ ऑक्टोबरला आला. झेंडू ही तिथी पाळणारी वनस्पती नसल्याने दसऱ्याला त्याच्या कळ्या गच्च मिटलेल्या होत्या. मग कोजागिरी उलटल्यावर, जेव्हा दसऱ्याच्या तोरणाचे निमित्त उरले नव्हते, तेव्हा अख्खी गच्ची भगवी झाली.

आणि दोडका. जुन्या निळ्या पिंपात, टाकीच्या आडोशाला, उरलेल्या दोन बिया टाकल्या होत्या. वेल टाकीवर चढली, तिथून अँटेनावर, तिथून शेजारच्या केबलवर गेली. पहिले काही दिवस नुसती नरफुले आली. सौ. आनंदात होती, पिवळी फुले, तीही न खाता येणारी, तिला मान्य होती. मग मादीफुले आली, जी पाकळ्यांखालच्या बोटभर कोवळ्या दोडक्यावरून ओळखता येतात, पण ती सतत गळू लागली. मास्तरांनी कारण सांगितले. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, परागीभवनाचे काम त्या वेळचे पतंग करतात, आणि पावसात पतंग बाहेर पडत नाहीत. तेव्हा हे काम मी हाती घेतले. रोज दिवेलागणीच्या सुमाराला छत्री घेऊन वर जायचे, एक चांगलेसे नरफूल तोडायचे आणि ते घेऊन वधूपक्षाच्या दारोदार फिरायचे, असा लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचा व्यवसाय मी श्रावणभर केला. मध्यस्थाला निदान जेवण मिळते. मला डास चावले.

जुळवलेली बहुतेक स्थळे यशस्वी झाली. श्रावणात त्याचे कोणाला वाईट वाटले नाही, कारण गल्लीत मटण बंद होते आणि डाळ घातलेला दोडका, दोडक्याच्या शिरांची चटणी, दोडक्याची भजी यांना सन्मानाचे दिवस होते. शेजारणी पिशव्या घेऊन येत. भाजी करण्याआधी कच्ची फोड जिभेवर लावून पाहावी, कडू लागली तर तो दोडका टाकून द्यावा, एवढी सूचना मी प्रत्येकीला देत असे. परंतु वेलीला श्रावण संपल्याचे कोणी सांगितले नाही. अनंत चतुर्दशी झाली, गणपती गेले, गल्लीतल्या कुकरांतून पुन्हा मटणाच्या शिट्या येऊ लागल्या आणि नेमक्या त्याच आठवड्यात वेलीने उच्चांक गाठला. दोडका झाडावर ठेवता येत नाही. तो जून होतो, आत जाळी धरते आणि मग तो पाठ घासायच्या कामाचा उरतो. म्हणून आम्ही तोडत राहिलो आणि वाटत राहिलो. हळूहळू बेल वाजवली तरी दारे उघडेनात. एका वहिनींनी खिडकीतूनच सांगितले, “अहो, परवाचाच अजून फ्रिजात हाय की! आणि आज पाव्हणं आल्यात, मटण हाय. उद्या बघूया.” दूधवाल्याने दोन दिवस घेतला आणि तिसऱ्या दिवसापासून तो दूध खालच्या पायरीवर ठेवून जाऊ लागला. मास्तरांनी, ज्यांच्या शास्त्रामुळे हे सगळे घडले त्या मास्तरांनी, डॉक्टरांनी बिया असलेल्या भाज्या वर्ज्य केल्याचे कारण दिले. कन्येने डबा उघडायचा सोडला. घरात आईने एकदा दोडका किसून थालीपिठात घातला आणि तो कोणाला कळू नये म्हणून वर तीळ लावले, सर्वांना कळले.

वेल शेवटी ऑक्टोबरच्या अखेरीस वाळली. केबलवर हाताबाहेर लटकत राहिलेले दोनचार दोडके तिथेच सुकून खुळखुळू लागले होते. मी बांबूने ते काढले, टोकाचे झाकण उघडून उपडे केले आणि काळ्या बियांचा ढीग वर्तमानपत्रावर पडला. ही बातमी गल्लीत कशी फिरली ते कळले नाही, पण त्याच संध्याकाळी बेल वाजू लागली. खिडकीतून बोलणाऱ्या वहिनी स्वतः जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, “बी तेवढं द्या हं आम्हाला. तुमचा दोडका लई गोड हुता.” मास्तर आले, दूधवाला आला, कोपऱ्यावरच्या शिंप्याने मुलाला पाठवले. सौ.ने कागदाच्या पुड्या बांधून सगळ्यांना पाचपाच बिया दिल्या. रात्री हिशोब करताना तिच्या ध्यानात आले, की पुढच्या श्रावणात या गल्लीत दोडका द्यायला एकही घर शिल्लक राहणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इचलकरंजीच्या बहिणीला फोन केला, तब्येतीची, मुलांच्या परीक्षांची चौकशी केली आणि त्यांच्याकडे दोडका आवडीने खातात का, हे अगदी सहज विचारून ठेवले.