उत्तर न देणारा कॉन्टॅक्ट: एक्सपायरीवर सोडून का भागत नाही

नमस्कार सर, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. विषय सिप म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या ऑफिस फोनचा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की रजिस्ट्रेशनला (फोन सर्व्हरला आपला पत्ता कळवतो ते) एक्सपायरी म्हणजे मुदत असतेच, मग ऑप्शन्स पिंगचं (सर्व्हरने फोनला अधूनमधून 'आहेस का' विचारण्याचं) उगाच ट्रॅफिक कशाला, आणि उत्तर न देणारे कॉन्टॅक्ट (फोनचे नोंदवलेले पत्ते) वगळले तर मोबाईल ॲपवाल्यांचे कॉल बंद पडतात. दुसरा मुद्दा एकदम रास्त, पहिला मात्र मला पटत नाही.

एक्सपायरी बऱ्याच ठिकाणी 3600 सेकंद असते. लाईट गेली तर फोन काही सांगून जात नाही, सर्व्हरच्या लेखी तो तासभर जिवंतच, आणि लाईट आल्यावर तोच फोन नव्या पोर्टवरून रजिस्टर झाला की एकाच एक्स्टेन्शनला दोन कॉन्टॅक्ट, एक चालू एक मेलेला. दोन्हीकडे एकदम कॉल जातो म्हणून एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. पण चालू फोन बिझी असला की बघा, तो लगेच 486 (बिझी) देतो, पण प्रॉक्सी, म्हणजे कॉल पुढे पाठवणारा सर्व्हर, बाकीच्या ब्रँचचा (त्याच कॉलच्या दुसऱ्या पत्त्यांकडे गेलेल्या फाट्यांचा) निकाल लागेपर्यंत ते पुढे पाठवतच नाही, मेलेल्या पत्त्यावर इन्व्हाईट (कॉलची विनंती) परत परत जात राहतो, आधी अर्ध्या सेकंदाने, मग एक, दोन, चार असं दुप्पट करत, आणि 32 सेकंदांनी टायमर बी (वाट बघण्याची कमाल मुदत) संपतो. तोवर समोरचा नुसता कानाला फोन लावून बसलेला, ना रिंग ना बिझी टोन. दवाखान्याला फोन लावणाऱ्यावर ही वेळ यावी हे मला खरंच चालत नाही.

ट्रॅफिकचं म्हणाल तर 200 फोनना दर 25 सेकंदांनी पिंग म्हणजे सेकंदाला 8, आणि वर नॅटचं मॅपिंगही (बाहेरून फोनपर्यंत पोचायची राउटरमधली नोंद) टिकतं, काही राउटरवर ते 30 सेकंदांतच उडतं. पिंगला उत्तर 404 (सापडलं नाही) आलं तरी फोन जिवंतच समजायचा बरं का.

आता मोबाईल ॲप. ते झोपलेलं असतं, मेलेलं नाही, म्हणून तो कॉन्टॅक्ट पुसायचा नाही, आधी पुश नोटिफिकेशन पाठवून उठवायचं (2019 चा आरएफसी 8599 हा इंटरनेट मानक दस्तऐवज याचसाठी आहे) आणि ते परत रजिस्टर होईपर्यंत कॉल धरून ठेवायचा, कामाइलिओ या सिप सर्व्हरमध्ये टीसायलो मॉड्यूल हेच करतं. बाकी डेस्क फोनसाठी कामाइलिओतला एफआर टायमर (उत्तराची वाट बघण्याची मुदत) 30 वरून 4-5 सेकंदांवर आणा, तो फक्त पहिल्या उत्तरापुरता असतो, वाजणारा फोन त्याने कापला जात नाही.

तुमच्याकडे ॲस्टरिस्क हा फोन सर्व्हर असेल तर त्याच्या पीजेसिप या सिप भागात क्वालिफाय फ्रिक्वेन्सी (किती सेकंदांनी पिंग करायचं ते) मुळात 0 असते, म्हणजे पिंग बंदच. कॉन्टॅक्टसमोर नॉनक्वाल (पिंग होत नाही) दिसत असेल तर आधी ती चालू करा, मग बाकीचं.