टायरमधली हवा सोडून समृद्धीवर जाऊ नका, मामा!

'समृद्धी महामार्गावर अपघात का होतात? सरकार तुम्हाला कधीच सांगणार नाही!' अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या मामांनी तो नुसता वाचला नाही, अमलात आणला. वर्ध्याहून पुण्याला निघताना पंक्चरवाल्याकडे थांबून चारही चाकांतली हवा कमी करून घेतली आणि 'सर्वांनी असेच करावे' असा सल्लाही ग्रुपवर टाकला. गाडीत मामी आणि दोन नातवंडं. मामा सुखरूप पोचले, त्यामुळे आता त्यांना तो उपाय सिद्धच झाल्यासारखा वाटतोय. म्हणून हे लिहावं लागतंय, नाहीतर असल्या मजकुराच्या नादी कोण लागतो?

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. सिमेंटचा रस्ता तापतो आणि टायर फोडतो, म्हणून हवा पाच-सात पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं एकक) कमी ठेवा. नायट्रोजन भरला की टायर फुटतच नाही. लोणारच्या उल्केमुळे तिथे चुंबकीय शक्ती आहे, ती गाड्या ओढते. सीटबेल्ट लावला की आग लागल्यावर माणूस अडकतो, एअरबॅग असली की पुरे. अपघात हळू चालवणाऱ्यांमुळे होतात. सगळा दोष रस्ता बांधणाऱ्यांचा. आणि झोप आली तर काच खाली करा, गाणी मोठ्याने लावा.

हवेपासूनच सुरुवात करू, कारण यातली सर्वांत घातक गोष्ट तीच आहे आणि ऐकायला सर्वांत शहाणपणाचीही तीच वाटते.

हवा तापली की दाब वाढतो, हे खरं. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की दाब साधारण १ पीएसआय वाढतो. म्हणजे टायर ३० अंशांनी तापला तर निघतानाच्या ३३ पीएसआयचे ३८-३९ होतील. बऱ्याच मोटारींच्या टायरच्या कडेवर कमाल दाब ४४ किंवा ५१ पीएसआय छापलेला असतो. फुटायला लागणारा दाब त्याच्याही बराच वर. गाडीच्या कंपनीने दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे जो आकडा चिकटवलेला असतो, त्यात ही वाढ आधीच धरलेली असते. म्हणून तर तो दाब गार टायरवर, निघण्याआधी तपासायचा असतो.

आता हवा कमी असली तर काय होतं बघा. टायरची कड प्रत्येक फेऱ्यात रस्त्याला टेकताना दबते आणि सुटते. ताशी १२० किलोमीटरला साध्या मोटारीचं चाक मिनिटाला हजारेक वेळा फिरतं, म्हणजे ती कड मिनिटाला हजार वेळा दुमडते. लोखंडी तार पुढेमागे वाकवत राहिलो की वाकते तिथे तापते आणि शेवटी तुटते, तसलाच हा प्रकार. हवा जितकी कमी तितकी कड जास्त दुमडते, जास्त तापते, आतले धागे आणि रबर एकमेकांना सोडू लागतात. टायर फुटतो तो बहुतेक वेळा असा. मामांनी उष्णतेवर उपाय म्हणून उष्णतेचं मूळ कारणच गाडीला जोडून घेतलं!

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले होते. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना होते आणि त्या गाडीसाठी फोर्डने शिफारस केलेला दाब होता फक्त २६ पीएसआय. उन्हाळा, भरलेली गाडी, लांबचा हायवे, आणि टायरचा वरचा पट्टा सुटून गाडी उलटी. अडीचशेहून जास्त माणसं गेली. टायरच्या बनावटीतही दोष होताच, दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या, पण कमी दाबाने काय होतं हे जगाला तेव्हा कळलं. त्या प्रकरणानंतर तिथे कायदा झाला आणि नव्या मोटारींत टायरच्या दाबाचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला. आपल्याकडच्या अनेक नव्या गाड्यांतही आता तो असतो. तो दिवा दाब किती वाढल्यावर लागतो हो? वाढल्यावर नाही. कमी झाल्यावर लागतो.

राहिला सिमेंटचा रस्ता. सिमेंट फिकट रंगाचं असतं, ऊन परत फेकतं. भर दुपारी काळा डांबरी रस्ताच जास्त तापतो. अनवाणी उभं राहून बघा, प्रयोगशाळा लागत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेसुद्धा सिमेंटचाच आहे, आणि तो २००२पासून पूर्ण वापरात आहे. समृद्धीवर टायर फुटतात, हे मान्य. पण का? जुन्या रस्त्याने जाताना गावं लागायची, फाटक लागायचं, स्पीडब्रेकर, चहा. सत्तरच्या पुढे काटा जायचाच नाही आणि टायरला मधूनमधून गार व्हायला वेळ मिळायचा. तोच सहा-सात वर्षांचा गुळगुळीत टायर आता दोन-तीन तास सलग १२०ने पळवला जातो. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, उदाहरणार्थ ३२१९, म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. आपल्या गाडीचा शिक्का किती जणांनी वाचलाय?

आणि 'टायर फुटला' हे कारणही दर वेळी जसंच्या तसं घेऊ नये. ३० जून आणि १ जुलै २०२३च्या मधल्या रात्री समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. वाचलेल्या चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं, बातम्यांतही तेच आलं. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. बातमी मात्र आजही टायरच्याच नावाने फिरते. या फॉरवर्डमध्येही तोच दाखला आहे.

नायट्रोजनचं दोन वाक्यांत उरकतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनात ओलावा नसतो, तो जरा सावकाश झिरपतो, एवढा फायदा खरा. पण घासलेल्या टायरला तो वाचवत नाही.

लोणारवर मात्र थांबावं लागेल. उल्कापाताने झालेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, बेसॉल्ट खडकातलं आहे, जगभरचे अभ्यासक तिथे येतात. पण म्हणून तिथून ताशी १२०ने जाणारी टनभराची गाडी बाजूला ओढली जाते? एवढं बळ असतं तर आधी मेहकरच्या घरांवरचे पत्रे उडाले असते, लोणारच्या बायकांच्या हातातले तवे सुटले असते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इतकं क्षीण आहे की फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं गणपतीचं चुंबक त्याच्या शंभरपट भरतं. खिशातल्या मोबाइलमध्ये होकायंत्र असतं, ते उघडून बघायलाही कुणी तयार नाही. गंमत म्हणजे याच भागात जुलै २०२३मध्ये, त्या बस अपघातानंतर, रस्त्याकडेला महामृत्युंजय यंत्र बसवण्याचा प्रकार झाला होता आणि त्यावरून जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही नोंदवला गेला. यंत्र गेलं, आता चुंबक आलंय. लोणारच्या लवणासुर राक्षसाची गोष्ट निदान ऐकायला तरी चांगली आहे.

सीटबेल्टबद्दल जे लिहिलंय ते वाचून संताप आला.

एअरबॅग ही बेल्टची जोडीदार आहे, बदली नव्हे. गाडीत त्या पिशवीवर 'एसआरएस' लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच 'पूरक' असा आहे. ती सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात फुगते. बेल्ट नसलेला माणूस तोवर पुढे फेकला गेलेला असतो आणि फुगत्या पिशवीवरच आदळतो. मागे बसलेल्यांच्या समोर तर बहुतेक गाड्यांत पिशवीही नसते. आगीचं म्हणाल, तर अपघातांच्या मानाने गाडी पेटण्याचे प्रसंग फार थोडे. आणि पेटलीच तर शुद्धीवर असलेला माणूस बेल्ट सोडून बाहेर येऊ शकतो, डोकं आपटून बेशुद्ध झालेला नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशातल्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२२च्या अहवालात सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू नोंदला आहे. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे निम्मे. 'मागे बसलोय, मला काय गरज' म्हणणाऱ्यांनी दुसरा आकडा पुन्हा वाचावा. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. महागडी, भक्कम गाडी, मागची सीट, बेल्ट नाही. त्याच गाडीत पुढे बसलेले दोघे वाचले. मामा, तुमची नातवंडं मागेच बसतात ना?

आता 'हळू चालवणारेच अपघात करतात'. उजव्या लेनमध्ये चाळीसने रांगणारा ट्रक धोकादायक असतो, यात अर्धं सत्य आहे आणि ते मी मनाविरुद्ध मान्य करतो. पण त्यावरून 'आपण जोरात चालवावं' हे कसं निघतं? त्याच अहवालात देशातल्या ७२ टक्के अपघातांचं कारण अतिवेग असं नोंदलंय. या आकड्यावर माझाही पूर्ण भरवसा नाही. पोलीस ठाण्यात 'भरधाव व निष्काळजीपणे' हे वाक्य फिर्यादीत तयारच असतं, आणि एकदा ते लिहिलं की रस्त्याचा, दिव्यांचा, उभ्या ट्रकचा दोष कागदावर येतच नाही. तरी पोलिसांच्या शब्दांवर अवलंबून नसलेला हिशोब बघा. ताशी ८०ला पुढचा धोका दिसून पाय ब्रेकवर जाऊन गाडी थांबेपर्यंत साठ-सत्तर मीटर लागतात. १२०ला तेच सव्वाशेच्या आसपास जातं. आदळण्याचा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. आणि तोच अहवाल सांगतो की ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर होतात, वळणावर नाही. घाटात आपण सगळे जपून असतो. सरळ पट्टा दिसला की हात ढिले पडतात.

सरकारच्या दोषाबद्दल फॉरवर्डवाल्याशी मी निम्मा सहमत आहे, आणि याचंच जास्त वाईट वाटतं. कारण खरी तक्रार असल्या मजकुरात मिसळली की तिचीही थट्टा होते. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला तेव्हा वाटेत थांबायला धड जागा नव्हत्या. १५ ऑक्टोबर २०२३ला वैजापूरजवळ प्रवाशांनी भरलेली टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळून १२ जण गेले. तो ट्रक मध्यरात्री महामार्गावर अडवल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्याच दोघांना अटक झाली. मागून आदळून होणारे अपघात देशात एकूण अपघातांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त आहेत, आणि कडेला बिनदिव्याचा उभा ट्रक हे त्यामागचं रोजचं दृश्य. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल तर कोकणातल्या माणसाला मी काय सांगावं.

पण 'सगळा दोष त्यांचा, आपण काही करू शकत नाही' हे खोटं आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर २०१६मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्यानंतर सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्तेसुरक्षेचं काम करणारी संस्था आणि रस्ते विकास महामंडळाने धोक्याच्या जागा शोधून कठडे बसवले, उभी वाहनं हटवली, गस्त आणि रुग्णवाहिका सुधारल्या, बेल्ट आणि वेगावर कारवाई केली. २०१९पर्यंत आकडा शंभराच्या आत आला होता, तेही कोविडने वाहतूक थांबायच्या आधी. रस्ता सुधारला आणि चालकही सुधारले. कुठेही चुंबक काढावं लागलं नाही.

शेवटचा मुद्दा झोपेचा. काच खाली करून, गाणी लावून झोप जात नाही, ती आल्याचं फक्त लक्षात येत नाही. समृद्धीसारख्या रस्त्यावर ना वळण, ना गाव, ना समोरून गाडी. डोळे उघडे राहून माणूस पेंगतो. चार सेकंद डुलकी लागली तर १२०च्या वेगात गाडी १३० मीटर पुढे गेलेली असते, चालकाशिवाय. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी जेवणानंतर हा धोका सर्वांत जास्त. सिंदखेडराजाची ती बसही रात्री दीडच्या सुमारासच उलटली होती. उपाय एकच चालतो. पुढच्या थांब्याला गाडी बाजूला घ्यायची, कॉफी प्यायची आणि सीट मागे करून पंधरा-वीस मिनिटं चक्क झोपायचं. कॉफीला अंगात उतरायला तेवढाच वेळ लागतो. महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यात मात्र नाही, तिथे मागून कोण पेंगत येतोय ते माहीत नसतं. आणि मामा, त्याच थांब्यावर हवा भरायची सोय असेल तर टायर गार होऊ द्या आणि दारावरचा आकडा वाचून तेवढीच भरून घ्या.