हरकत नाही

सर्वप्रथम अभिनंदन. मुदतपूर्व सुटकेच्या समितीवर तुमची नेमणूक झाली, म्हणजे माणसाच्या अंतःकरणात डोकावून पाहण्याचं काम आता अधिकृतपणे तुमच्याकडे आलं. दर अंतःकरणामागे साधारण अर्धा तास मिळेल. मारामारी, दरोडे, खून यांच्या फायली पुढच्या बैठकीला. आज पहिलंच प्रकरण फसवणुकीचं आहे, तेव्हा निर्धास्त राहा. यात तुमचं निम्मं काम अर्जदारच करून आणतो.

फाइल हातात घ्या. आधी नुसती हातात घ्या, वजन बघा. भुरट्या चोराची फाइल चार कागदांची असते आणि त्यातला एक उलटा लावलेला असतो. या फायलीला अनुक्रमणिका आहे. पानांना आकडे आहेत. कडेला रंगीत चिठ्ठ्या डोकावताहेत: पश्चात्ताप, प्रकृती, कौटुंबिक जबाबदारी, समाजकार्य. तुम्हाला काही शोधावं लागणार नाही. पूर्वी ज्यांना तो गुंतवणुकीची कागदपत्रं दाखवायचा, त्यांनाही काही शोधावं लागत नसे.

पश्चात्तापाचं पत्र मात्र सावकाश वाचा. तीन पानं, डावीकडे सरळ समास, एकही खाडाखोड नाही. ‘माझ्या हातून काही चुका घडल्या, त्यातून काहींचं नुकसान झालं, त्याबद्दल मनस्वी खेद होतो.’ शाळेत अकर्मक क्रियापद शिकवलं तेव्हा याचा आयुष्यात उपयोग काय, असं तुम्हाला वाटलं असेल. हा घ्या. चुका घडतात, नुकसान होतं, खेद होतो. पाऊस पडावा तसं सगळं आपोआप चाललंय आणि हा गृहस्थ छत्री विसरल्यासारखा मधे उभा. अख्ख्या पत्रात ‘मी पैसे घेतले’ हे वाक्य नाही. ठेवीदारांना त्याने शेवटी शेवटी पाठवलेलं परिपत्रक त्याच फायलीत मागे कुठेतरी जोडलेलं असतं: ‘परताव्यास किंचित विलंब होत आहे.’ दोन्ही शेजारी ठेवून वाचायचा मोह होईल. आवरा. त्याने समितीच्या मनात विनाकारण पूर्वग्रह तयार होतात.

आता वर्तणूक. तुरुंगाधिकाऱ्यांचा शेरा ‘उत्तम’ असणार, कारण ती खरोखरच उत्तम असते. भांडण नाही, शिवी नाही, रांग मोडणं नाही. इतरांचे अर्ज लिहून देतो. पहाऱ्यावरच्या शिपायाला मुलाच्या परीक्षेचं काय झालं ते विचारतो. कुणी खवचटपणे म्हणेल की बाहेर तरी त्याची वर्तणूक कुठे वाईट होती? सौजन्य हेच तर त्याचं भांडवल. तुसड्या, आवाज चढवणाऱ्या माणसाच्या हाती कोण आयुष्याची पुंजी देईल? असल्या खवचट सदस्याला गप्प करण्यासाठी कायदा आपल्या बाजूने आहे. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत नीट वागणाऱ्याला वर्षामागे 54 दिवसांपर्यंत सूट मिळते. नीट वागण्याचं व्यावसायिक कौशल्य कुणाकडे आधीपासून आहे, याची चौकशी कुठलाच तक्ता करत नाही.

इथे चार्ल्स पॉन्झीची आठवण काढायला हरकत नाही. नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणाऱ्या योजना पुढे ज्याच्या नावाने ओळखल्या गेल्या तोच. मॉन्ट्रियलला खोट्या चेकपायी तो तुरुंगात होता, तेव्हा त्याने आईला कळवलं होतं की आपल्याला तुरुंगाधिकाऱ्याच्या खास मदतनिसाची नोकरी मिळाली आहे. पुढे 1920 मध्ये बॉस्टनला त्याने 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचं आमिष दाखवून लोकांना बुडवलं, पाच वर्षांची शिक्षा झाली आणि साडेतीन वर्षांत तो बाहेर आला. दुसऱ्या खटल्याचं अपील चालू होतं, जामीन होता. माणसाने धडा घेतला होता, यात शंका नाही: 1925 मध्ये फ्लोरिडात जमिनीचे तुकडे विकताना त्याने 60 दिवसांत 200 टक्के सांगितले. काही तुकडे पाण्याखाली होते.

मुलाखतीच्या वेळी तुम्हाला तो आवडेल. आवडू द्या. 2009 मध्ये कॅनडात 310 पुरुष कैद्यांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात मनोविकृतीची लक्षणं ठळक होती, म्हणजे गोड बोलणं, सराईत खोटेपणा, दुसऱ्याच्या दुःखाविषयी कोरडेपणा, त्यांना सशर्त सुटका मिळण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट निघाली. ते कैदी काही सगळे अफरातफरीतले नव्हते, त्यामुळे हा अभ्यास आपल्याला लागू नाही असं टिपणात लिहून मोकळं होता येईल. मग अर्जदाराने डोळे टिपले की पाण्याचा पेला पुढे करा.

समाजकार्याची हिरवी चिठ्ठी सगळ्यात जाड निघेल. कैद्यांसाठी वर्ग, वाचनालय, ध्यानधारणा, धर्मग्रंथांचा अभ्यास. या बाबतीत अमेरिकेतल्या बॅरी मिंकोव्हचा दाखला बाळगावा. विशी गाठायच्या आत त्याने गालिचे धुण्याची कंपनी शेअर बाजारात नेली. बहुतेक धंदा कागदावरच होता. 1989 मध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली, साधारण साडेसात वर्षांत सुटका. बाहेर येऊन तो सॅन डिएगोत चर्चचा पाद्री झाला, शिवाय इतरांचे घोटाळे हुडकून देणारी संस्थाही काढली. सुधारणा याहून काय वेगळी दिसते? 2011 मध्ये एका बांधकाम कंपनीविरुद्ध खोटंनाटं पसरवून तिचे शेअर पाडल्याबद्दल पाच वर्षं. 2014 मध्ये आणखी पाच, ही आपल्याच चर्चच्या भाविकांचे तीस लाख डॉलरहून अधिक खाल्ल्याबद्दल. त्याला सोडणाऱ्यांना दोष देऊ नये. त्यांच्यासमोरची फाइल नक्कीच सुंदर असणार.

प्रकृतीची चिठ्ठी आली की इतका वेळ हसणारा मीही थोडा अडखळतो. तुम्ही अडखळू नका, दोन्ही बाजूंचे दाखले तयार आहेत. ब्रिटनमध्ये गिनेस या बिअर कंपनीच्या शेअर घोटाळ्यात तिचे प्रमुख अर्नेस्ट सॉन्डर्स यांना 1990 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. अपिलात स्मृतिभ्रंशाचा वैद्यकीय पुरावा मांडला गेला, शिक्षा निम्मी झाली आणि दहा महिन्यांत ते घरी गेले. पुढे ते बरे झाले आणि व्यवसाय सल्लागार म्हणून कामाला लागले. ज्या आजारातून वैद्यकशास्त्राच्या नोंदीप्रमाणे कुणी परत येत नाही, त्याबद्दल न्यायालयाने केलेली ही केवढी मौलिक सेवा! उलट अमेरिकेतला बर्नी मेडॉफ, पॉन्झीच्याच वाटेने गुंतवणूकदारांना बुडवणारा. 150 वर्षांची शिक्षा भोगत असताना फेब्रुवारी 2020 मध्ये त्याने अर्ज केला की मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, दीड वर्षही उरलेलं नाही. न्यायालयाने नाकारलं. एप्रिल 2021 मध्ये तो तुरुंगातच वारला. कित्येक वर्षं खोटी खातेपत्रकं पाठवणाऱ्या माणसाने शेवटचा हिशोब तंतोतंत खरा दिला, आणि तेवढाच कुणी धरला नाही. हिशोबातल्या घोटाळ्यापायी तुरुंगात गेलेले वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीचे प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना मात्र त्याआधीच, डिसेंबर 2019 मध्ये, आजारपणामुळे सोडलं होतं. 2020 च्या फेब्रुवारीत ते वारले. तेव्हा नाडी कुणाची धरायची, हे मला विचारू नका. मरणाऱ्याला घरी जाऊ द्यावं असं मलाही वाटतं, फक्त तो मरतोय हे त्याच्याच तोंडून कळतं तेव्हा पंचाईत होते.

तरीही मन धजत नसेल तर जागेचा विचार करा. इंग्लंड आणि वेल्समध्ये तुरुंग इतके भरले की सप्टेंबर 2024 पासून ठरावीक मुदतीच्या बऱ्याच शिक्षांमध्ये 50 ऐवजी 40 टक्के काळ भोगल्यावर सोडायला सुरुवात झाली. काही गंभीर गुन्हे त्यातून वगळले. कॅनडात 2011 पर्यंत याहून सुटसुटीत सोय होती: पहिलीच शिक्षा आणि हिंसा नाही, तर एक षष्ठांश काळ काढला की रोज दिवसा बाहेर. बारा वर्षं सुनावलेला दोन वर्षांत. मोठमोठ्या घोटाळ्यांत बुडालेल्या लोकांनी फारच आरडाओरडा केला म्हणून ती बंद पडली. हिंसा नाही हा शब्दप्रयोग मात्र लक्षात ठेवा, तो रामबाण आहे. कुणाचं रक्त सांडलेलं नसतं. म्हातारपणी पुन्हा कामाला जावं लागणं, मुलीचं शिक्षण अर्धवट सुटणं, आपल्याच शिफारशीवरून भावाने पैसे गुंतवले म्हणून भावाने बोलणं टाकणं, यांचा वैद्यकीय दाखला मिळत नाही.

एक प्रश्न मात्र विचारू नका: पैसे कुठे आहेत? वातावरण एकदम बिघडतं. इतका वेळ ओघवतं बोलणारा माणूस अडखळतो, वकील खाकरतो, अध्यक्ष घड्याळ बघतात. त्याऐवजी ‘बाहेर गेल्यावर काय करायचं ठरवलंय?’ असं विचारा. यावर तो फार छान बोलतो.

फायलीच्या अगदी शेवटी, अनुक्रमणिकेत नसलेला एक कागद सापडेल. वहीतून फाडलेला, चार घड्यांचा, निळ्या बॉलपेनने दोन्ही बाजूंनी लिहिलेला. मागची अक्षरं पुढे उमटल्याने वाचायला त्रास होतो. खटल्याच्या वेळी एका ठेवीदार बाईंनी न्यायाधीशांना पाठवलेला. त्यात अकर्मक क्रियापदांचा आडोसा नाही. ‘त्याने आमचं घर घेतलं’ असं सरळ लिहिलंय. वर लाल पेनाचा शेरा: ‘विहित नमुन्यात नाही.’

नियम चोख आहेत, त्यामुळे सुटकेपूर्वी बाधितांना नोटीस काढावीच लागते. ती या बाईंनाही निघालेली आहे, नोंदवलेल्या पत्त्यावर. नोंदवलेला पत्ता त्याच घराचा, आणि ते केव्हाच विकलं गेलं. पाकीट परत आलंय, पोस्टमनने आडवं लिहिलंय: ‘सदर इसम येथे राहत नाही.’ पाकीट फोडायची गरज नाही. टिपणाच्या शेवटच्या रकान्यात कारकुनाने लिहूनच ठेवलंय, बाधितांकडून हरकत आली नाही. त्याखाली सही करायची. तारीख घालायला विसरू नका.